बँडसाठी आगगाडीचा ब्लूज: पहिली रचना कशी बांधायची

कोल्हापुरात फुंकून वाजवायच्या वाद्यांना तोटा नाही. वरातीतला क्लॅरनेट आहे, पोलिस बँड आहे, शाळांची बँडपथकं आहेत, मिरवणुकीतले ट्रम्पेट आहेत. तोटा आहे तो बँडसाठी मुद्दाम लिहिलेल्या नव्या संगीताचा. वाजतं ते बहुतेक सिनेमातलं, नाहीतर कवायतीचं. ज्याला बँडसाठी पहिल्यांदा स्वतःचं काही लिहायचं आहे, त्याला मी आगगाडीवरची, ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) अंगाची साडेतीन-चार मिनिटांची रचना सुचवतो. ब्लूजला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीनच लागतात, लय गाडीच देते, आणि सूर आपल्या कानाला अजिबात परके नाहीत.

कामाचा क्रम मात्र पाळा. नवीन माणूस बहुधा शिट्टी, वाफेचा फुसफुसाट आणि ब्रेकची किंकाळी यांच्यापासून सुरुवात करतो. ते सगळं शेवटी. आधी चौकट, मग धून, मग खालची बाजू, म्हणजे बास आणि मधले सूर. हे तिन्ही उभं राहिलं की भोंगा दोन ठिकाणी वाजला तरी पुरतो. ते उभं नसेल, तर भोंगा दहा वेळा वाजवूनही ऐकणाऱ्याला फक्त स्टेशन आठवतं.

गाडी ब्लूजमध्ये आली कुठून

डब्ल्यू. सी. हँडी हे अलाबामात जन्मलेले कॉर्नेटवादक आणि बँडमास्तर. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर रखडलेल्या गाडीची वाट बघत ते पेंगत बसले होते. शेजारी एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथं एकमेकांना छेदतात तिथं मी निघालोय, एवढीच ओळ, तीनदा. हँडींनी हा प्रसंग १९४१ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. १९१२ पासून त्यांचे ब्लूज छापून येऊ लागले. ब्लूज कागदावर उतरण्याच्या कथेत बँडमास्तर आणि लेट झालेली गाडी दोघंही आहेत, त्यामुळे बँडवर गाडीचा ब्लूज वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या गाण्यांत गाडी शोभेची नसते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. मिसिसिपीतून शिकागोला नेणारी इलिनॉय सेंट्रल ही त्यांतली एक मोठी वाट होती. गाडी आली की कुणीतरी जातं आणि कुणीतरी मागे राहतं. मुंबईच्या गिरण्यांत माणसं पाठवलेल्या आपल्या भागाला हे समजावून सांगायला नको. मिरज–कोल्हापूर मार्गाची पायाभरणी १८८८ ची, गाडी धावू लागली १८९१ ला. आणि कोल्हापूर शेवटचं स्थानक. पुढे रूळ नाहीत. इथून निघालेली प्रत्येक गाडी एकाच दिशेला जाते.

म्हणून कागद हातात घेतल्यावर पहिल्यांदा एक वाक्य लिहा: गाडीत कोण आहे, किंवा फलाटावर कोण आहे. ‘रात्रीच्या महालक्ष्मीनं पोरगा पहिल्या नोकरीला निघालाय’ या वाक्यातून रात्र मिळते, सुरुवातीची संथ लय मिळते आणि शेवट दूर जाणारा हवा हेही ठरतं. ‘सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेहून दूधवाले येतात’ लिहिलंत तर सगळंच उलटं: वेग मध्यम, वाद्यं एकमेकांत बोलणारी, शेवट ब्रेक लावून थांबणारा. हे वाक्य श्रोत्यांना सांगायची गरज नाही. ते तुमच्यासाठी आहे. पुढे कुठे अडलात की त्याच्याकडे परत या.

गाडी मोजा

आता कान आणि फोन घेऊन स्टेशनवर जा. फलाट तिकीट काढा. रुळांवर उतरू नका, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि रेकॉर्डिंगला त्याची काही गरजही नाही. हल्ली मुख्य मार्गावर रूळ एकमेकांना वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे पूर्वीचा खटखटाट तिथं जवळजवळ गेला. यार्डाच्या तोंडाशी, जिथं गाडी सांधे ओलांडून एका मार्गावरून दुसऱ्यावर येते, तिथं तो अजून सापडतो. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं तरी पुरेसा ऐकू येतो.

ऐकताना एकाच जोडाकडे लक्ष द्या. जुन्या पद्धतीचा निळा डबा सुमारे २२.३ मीटर लांब. त्याच्याखाली दोन टोकांना चार-चार चाकांचा एकेक संच असतो आणि त्या दोन संचांत साधारण १४.८ मीटर अंतर असतं. एका डब्याचा मागचा संच आणि पुढच्या डब्याचा पहिला संच यांच्यात उरतात ७.५ मीटर. म्हणजे जोडावर ‘धडक्’ वाजतं, मग लांब थांबा, पुन्हा ‘धडक्’, मग निम्मा थांबा. लांब, आखूड, लांब, आखूड. प्रमाण जवळपास २ : १. ब्लूजच्या शफलचं, म्हणजे लांब-आखूड झोक्याच्या ठेक्याचं, पुस्तकी प्रमाणही हेच.

नवे लाल एलएचबी डबे सुमारे २४ मीटरचे आहेत, संचांतलं अंतर १४.९, उरतात ९.१. प्रमाण १.६ : १ च्या आसपास येतं. झोका थोडा सपाट होतो. जलद लयीत वाजवताना जॅझचे वादकही झोका असाच सपाट करतात. तुमची रचना जुन्या गाडीची असेल तर झोका पूर्ण ठेवा, आजच्या एक्सप्रेसची असेल तर वादकांना ‘थोडं सरळ’ म्हणून सांगा. असला बारकावा बँडवाल्यांना आवडतो, सांगून बघा.

वेगावरून लयही काढता येते. निळ्या डब्यांची गाडी ताशी ९० किलोमीटरनं धावली, तर मिनिटाला ६७ डबे तुमच्यासमोरून जातात. एक डबा म्हणजे एक ठोका धरा. मिनिटाला ६६-६७ ठोके ही संथ ब्लूजची अगदी रास्त लय आहे. ताशी ६० ला ती ४५ होते. नवीन बँडला ४५ वर टिकून राहणं अवघड जातं, पहिल्या रचनेला ६६ धरा.

मोजणी १२/८ मध्ये लिहा. एका बारमध्ये, म्हणजे मोजणीच्या एका खणात, चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. पहिले दोन भाग मिळून लांब, तिसरा आखूड. साधे सरळ स्वर लिहून वर ‘स्विंग’ असा शेरा मारण्याची पद्धत आहे, पण तो शेरा कसा वाजवायचा हे ज्यांनी जॅझ ऐकलंय त्यांनाच कळतं. आपल्या बँडमध्ये दादरा सगळ्यांच्या हातात असतो. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे १२/८ चा एक बार. एवढं सांगितलं की साइड ड्रमवाला पुढचं विचारत नाही.

बारा बारची चौकट

सा काळी पाच धरा. बँडची बहुतेक वाद्यं याच सुरावर बांधलेली असतात, त्यामुळे वादकांना बोटं सोपी पडतात. तीन कॉर्ड: काळी पाचवर बी फ्लॅट सेव्हन, काळी दोनवर ई फ्लॅट सेव्हन, पांढरी चारवर एफ सेव्हन. आपल्या भाषेत सा, म आणि प यांच्यावर उभे केलेले कॉर्ड, प्रत्येकात आपापला कोमल निषाद मिसळलेला.

पहिले चार बार सा. पाचवा-सहावा म, सातवा-आठवा परत सा. नववा प, दहावा म, अकरावा सा आणि बाराव्यात प, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या बारकडे वळते. बाराव्याचा हा वळसा विसरलात तर दुसरी फेरी सुरू झाल्याचं श्रोत्याला कळतच नाही.

एका फेरीत ४८ ठोके. ६६ च्या लयीत ती सुमारे ४४ सेकंदांची होते. चार फेऱ्या, आधी आठ बारची सुरुवात आणि शेवटी थोडी शेपटी, की पावणेचार मिनिटं भरतात. पहिल्या रचनेला यापेक्षा जास्त नको.

चौकटीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. ब्लूजचा गायक चार बारच्या ओळीत साधारण दोन बार गातो आणि उरलेल्या दोनांत वाद्य उत्तर देतं. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा, शेवटच्या चारांत तिचा निकाल. कोल्हापूरच्या माणसानं हे शाहिरीत ऐकलेलं असतं: शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ‘जी जी रं’ म्हणत ती धरतात. तुमची धून शाहीर आणि बाकी बँड झीलकरी, अशी वाटणी मनात ठेवली तर नवीन लेखकाची सर्वांत मोठी खोड टळते: प्रत्येक बार सुरांनी गच्च भरून टाकण्याची.

धून

सूर सहा: सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नि. तीव्र मध्यम काढला तर हा धानी रागाचा साचा होतो, आणि इथंच थोडं जपायला हवं. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, त्या गावातले श्रोते हे सूर ऐकताच राग शोधू लागतात. रागाच्या शिस्तीत आलाप लिहिलात तर रचना धानीची होईल, ब्लूजची नाही. फरक दोन जागी पडतो. एक, तीव्र मध्यमावर थांबायचं नाही. शुद्ध मध्यमाकडून पंचमाकडे जाताना, किंवा परतताना, तो फक्त घासून जातो. दोन, खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि वर धून कोमल गंधार धरते. हा खटका हवाच आहे. तो साफ करायला जाऊ नका. फक्त दोन्ही गंधार एका सप्तकात शेजारी ठेवू नका, एक खाली आणि एक वर ठेवलात की खटका बोचत नाही, रंग देतो. जोग रागात दोन्ही गंधार ऐकायची सवय असलेल्याला ही चव लवकर लागते.

पहिली ओळ छोटी ठेवा. उदाहरणादाखल: सा, कोमल ग, म, तीव्र म घासून प, तिथं दोन ठोके थांबा, मग म, कोमल ग, सा. बस. पुढचे दीड बार मोकळे. दुसऱ्या चारांत हीच ओळ तशीच. खाली कॉर्ड बदलल्यामुळे ती वेगळी ऐकू येते, तुम्हाला काही करावं लागत नाही. शेवटच्या चारांत वरच्या ‘सा’ पासून कोमल नि, प, म, कोमल ग करत खाली या. ही फक्त दिशा आहे, तुमची ओळ तुमच्या वाक्यातल्या माणसाची असू द्या. निघणारा पोरगा आणि त्याची आई एकच ओळ वेगवेगळी म्हणतील.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कुणाला द्यायची? ट्रॉम्बोनवर कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर सरकणं म्हणजे स्लाइड दुसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर आणणं, शिकाऊ मुलालाही जमतं. ट्रॉम्बोनची खरी मींड एकाच फुंकीच्या स्वरगटात चालते आणि तिचा पल्ला सहा अर्धस्वरांपेक्षा जास्त नसतो, हे लक्षात ठेवून लिहा. क्लॅरनेटवर चांगला वादक ओठानं सूर वाकवतो. वरातीत सिनेमातली गाणी वाजवणारे आपले क्लॅरनेटवाले तर हे आयुष्यभर करत आलेत. त्यांना एकट्याला आठ बार द्या आणि कागदावर फार काही लिहू नका. बारा क्लॅरनेटना एकदम मींड लिहिलीत तर मात्र बारा वेगवेगळ्या गाड्या येतील.

खालची बाजू

बासची चाल इंजिनाची. बूगीची (पियानोवरच्या नाचत्या ब्लूजची) ठरलेली चाल घ्या: सा ग प ध, कोमल नि, ध प ग, एका बारमध्ये आठ स्वर, लांब-आखूड लांब-आखूड. कॉर्ड म वर गेला की तीच चाल मध्यमावरून, प वर गेला की पंचमावरून.

ही चाल एकट्या ट्यूबाला (सर्वांत खालच्या सुरांच्या पितळी वाद्याला) चार फेऱ्या देऊ नका. माणसाला श्वास लागतो. संगणकावरचा ट्यूबा कधी दमत नाही, म्हणून लिहिताना हे ध्यानात येत नाही. दोन-दोन बार ट्यूबा, मग बॅरिटोन सॅक्साफोन, जोडताना एक स्वर दोघांनी मिळून. युफोनियमला (ट्यूबाच्या लहान भावाला) मधल्या फेरीत चाल देऊन ट्यूबाला पूर्ण विसावा द्या. चाल हातातून हातात जाते तेव्हा तिचा रंगही बदलतो.

मधल्या सुरांसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली युक्ती ही. दोन ट्रॉम्बोन घ्या. सा च्या कॉर्डवर ते ग आणि कोमल नि वाजवतात. म च्या कॉर्डवर दोघंही फक्त अर्धा स्वर खाली सरकतात: कोमल ग आणि ध. प च्या कॉर्डवर मूळ जागेवरून अर्धा स्वर वर: म आणि शुद्ध नि. प्रत्येक कॉर्डचे ओळख देणारे दोन सूर आले, हालचाल जवळजवळ नाहीच, आणि कॉर्डचं पुस्तक न वाचलेली मुलंही पहिल्याच दिवशी सुरात वाजवतात. मूळ सूर बासकडे आहेच.

यावर धक्के, म्हणजे तुटक जोरकस सूर, कसे द्यायचे? दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या आखूड भागावर, छोटे. प्रत्येक ठोक्यावर धक्का दिलात तर कवायत सुरू होते.

वाद्यांची वाटणी

कन्सर्ट बँडच्या परदेशी स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीत) ओबो आणि बॅसून ही लाकडी वाद्यं आणि चार फ्रेंच हॉर्न गृहीत धरलेले असतात. आपल्याकडच्या बहुतेक पथकांत ते नसतात. असतील तर उत्तम, पण एकही महत्त्वाची ओळ फक्त त्यांच्या भरवशावर ठेवू नका. ओबोचं लहान अक्षरांत क्लॅरनेटच्या कागदावर, हॉर्नचं आल्टो सॅक्साफोनच्या कागदावर लिहून ठेवा. लिहायला बसण्याआधीच बँडमास्तरांना विचारा: किती वाद्यं, कोण वाचून वाजवतं, कोण ऐकून, आणि युफोनियमवाला ट्रेबल क्लेफ (उंच सुरांची लिपी) वाचतो की बेस (खालच्या सुरांची). शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण त्याच्यावाचून तालमीचा अर्धा तास वाया जातो.

बँडची काही वाद्यं कागदावरच्या सुरापेक्षा वेगळा सूर वाजवतात. काळी पाच सा असताना क्लॅरनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्साफोन यांच्या कागदावर सा म्हणजे सी लिहिला जातो. आल्टो आणि बॅरिटोन सॅक्साफोनच्या कागदावर जी, फ्रेंच हॉर्नच्या कागदावर एफ. बासरी, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांना जसा वाजतो तसाच, बी फ्लॅट. म्यूझस्कोरसारखं मोफत सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. तरी प्रत्येक वाद्याचा पहिला बार हातानं तपासा.

क्लॅरनेटची एक अडचण या रचनेत नेमकी आडवी येते. तिसऱ्या रेषेवरच्या बी फ्लॅटवरून पुढे गेलं की जवळजवळ सगळी बोटं एकदम बसवावी लागतात, आणि शिकाऊ वादक तिथं किंचाळतो. आता बघा, आपल्या धुनेतलं ‘प, कोमल नि, वरचा सा’ क्लॅरनेटच्या कागदावर जी, बी फ्लॅट, सी असं येतं. बरोबर त्या खड्ड्यावरून. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्लॅरनेटना धून खालच्या सा पासून कोमल नि पर्यंतच द्या, आणि वरचा भाग पूर्णपणे वरच्या सा च्या पुढे ठेवा. ट्रम्पेट कागदावर पट्टीच्या सर्वांत वरच्या जागेतल्या ई च्या वर नेऊ नका. शेवटच्या फेरीत हौस म्हणून पहिल्या ट्रम्पेटला जी पर्यंत जाऊ द्या, तोवर त्याचे ओठ थकलेले असतील हे धरून.

ऐकून वाजवणाऱ्यांसाठी सरगमचा एक कागद आणि फोनवर रेकॉर्ड केलेली धून द्या. ही कमीपणाची गोष्ट नाही. वरातीच्या बँडमधले अनेक उत्तम वादक असेच शिकले आहेत आणि ब्लूजचं निम्मं वजन कानावरच असतं.

चार फेऱ्यांत गाडी

पहिली फेरी विरळ: बास, ब्रशनं वाजवलेला साइड ड्रम, एकटा क्लॅरनेट. दुसऱ्या फेरीत सगळी लाकडी वाद्यं आणि ट्रॉम्बोनचे धक्के.

तिसऱ्या फेरीत पूल घ्या, असं मी म्हणेन. रुकडीजवळ गाडी पंचगंगेवर येते तेव्हा आवाज एकदम पोकळ होतो. खालची जमीन गेली आणि लोखंड वाजू लागलं. बँडवर हे करायला नवीन काही घालू नका, काढून टाका. चाल बंद. ट्यूबा आणि युफोनियमवर फक्त लांब सूर, सा आणि प, मध्ये गंधार नाही. ढोल बंद, धातूचं काहीतरी हलकं वाजत राहू दे. वर आल्टो सॅक्साफोन एकटा. आठ बारनंतर, नवव्या बारला, चाल परत आली की श्रोत्याला जमीन लागल्यासारखं वाटतं. चौथी फेरी सगळ्यांची.

आता वेग. गाडी सुटताना हळूहळू जलद होते म्हणून नवीन लेखक सुरुवातीला ‘हळूहळू जलद’ लिहितो, आणि चाळीस माणसं चाळीस वेगांनी जलद होतात. लय ६६ वरच ठेवा, स्वर लहान करा. आधी बारमध्ये दोन लांब सूर, मग चार, मग लांब-आखूड आठ, मग बारा, शेवटी दोन बार चोवीस. कानाला गाडी सुटते, बँडमास्तरांची काठी मात्र तशीच हलते. संगीतकार ऑनेगेर यांनी १९२३ मध्ये वाफेच्या इंजिनावर ऑर्केस्ट्रासाठी लिहिताना हीच युक्ती पुढे नेली: ऐकताना वेग वाढतो आणि कागदावरची लय उलट कमी होत जाते. वाफेचं इंजिन हवं असेल तर साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार भपकारे असतात, हे लक्षात ठेवा. चार ठोक्यांचा बार आयता मिळाला.

थांबताना हाच क्रम उलटा.

भोंगा आणि बाकीचे आवाज

आता भोंग्याला परवानगी. अमेरिकेतल्या अनेक प्रवासी गाड्यांवर पाच तोंडांचा भोंगा असतो. त्याचा एक प्रसिद्ध नमुना बी मेजर सिक्स्थ या कॉर्डवर बांधलेला आहे, तळापासून डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, बी आणि वर पुन्हा डी शार्प. अर्धा स्वर खाली उतरवा: डी, एफ, जी, बी फ्लॅट, डी. आपल्या सा वर ग, प, ध, सा, ग. म्हणजे तो भोंगा आपल्या कॉर्डमध्ये जसाच्या तसा बसतो. ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्साफोनमध्ये वाटून द्या आणि शेवटी सगळ्यांना अर्धा स्वर घसरू द्या. तिकडे फाटकाजवळ दोन लांब, एक आखूड, एक लांब असा इशारा देतात, तो ठेका म्हणून सरळ वापरता येतो.

आपल्या इंजिनांचा भोंगा दोन सुरांचा, एक उंच, एक खालचा. त्याचे सूर इंजिनागणिक बदलतात, तेव्हा फोनवर ट्यूनर लावून स्वतः मोजा. मार्गावर फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी दिसते. चालकानं तिथं शिट्टी द्यायची असते. स्कोअरमध्ये भोंगा येतो तिथं मी तीच अक्षरं लिहीन, बँडवाल्यांना लगेच कळतं.

गाडी समोरून निघून जाताना भोंग्याचा सूर पडतो, तोही मोजता येतो. ताशी ७० च्या सुमारास तो एकूण एक पूर्ण स्वर पडतो, रे वरून सा इतका. ताशी १०७ च्या आसपास कोमल ग वरून सा इतका. सुसाट गाडीसाठी कोमल गंधार, बेतानं जाणाऱ्या गाडीसाठी ऋषभ.

वाफेसाठी दोन लाकडी ठोकळ्यांना पॉलिश पेपर लावून घासा, परदेशी बँडही हेच करतात. लोखंडी आवाजासाठी उद्यमनगरात भंगारातला ट्रकचा ब्रेक ड्रम मिळतो, लहान हातोडीनं वाजवा. रुळाचा तुकडा मात्र कुणी आणून देतो म्हणाला तरी नको. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदाच आहे.

हलगी वापरायचा मोह होणारच, आणि मी तो टाळा म्हणणार नाही. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा ठेका कुस्तीच्या मैदानात वीस हजार माणसांच्या गलक्यातून ऐकू जातो. सभागृहात तीच हलगी सगळे क्लॅरनेट गिळते. तिला सुरुवातीचे आठ बार द्या, चौथ्या फेरीत बँड थांबतो त्या रिकाम्या जागा द्या, आणि बाकी वेळ हलगीवाल्याला शांत बसायला सांगा (हे सांगायला वयानं मोठं माणूस पाठवा). कातड्याची हलगी असेल तर पावसाळ्यात ती शेकायला वेळ आणि जागा लागते, मंचामागे शेगडी चालेल का हे आधी विचारून ठेवा.

कागद आणि तालीम

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मोठं अक्षर लिहा: क, ख, ग, घ. बार क्रमांक घाला. पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारवर येऊ द्या. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापा की ही चौकट आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या संगीतातून घेतली आहे.

पहिल्या तालमीत सगळा बँड एकदम बसवू नका. आधी ट्यूबा, बॅरिटोन आणि साइड ड्रम, फक्त चाल, दोन फेऱ्या. मग दोन ट्रॉम्बोन. मग धक्के. धून सर्वांत शेवटी, आणि ती वाजवण्याआधी सगळ्यांकडून तोंडानं म्हणवून घ्या. जी ओळ बँडला म्हणता येत नाही ती वाजवताही येत नाही. एकाच बारमध्ये दोनदा अडखळले तर तिसऱ्यांदा वाजवून घेऊ नका, पेन्सिलनं तो बार सोपा करा. तालीम संपल्यावर फोनवरचं रेकॉर्डिंग एकदा वहीत न बघता ऐका. चौथ्या फेरीपर्यंत कंटाळा आला असेल तर पाचवी लिहायची नाही, तिसरीतलं आणखी काहीतरी काढायचं.